कुंग फूचा सातबारा

सत्तर-ऐंशीच्या दशकांत नागपुरात हाणामारीचा परदेशी सिनेमा लागला, की तो कोणत्या देशाचा याची चौकशी कुणी करत नसे. हिंगणा एमआयडीसीतली पाळी संपवून बर्डीवर किंवा सदरला खेळ गाठणाऱ्या प्रेक्षकाला एवढं पुरे असायचं, की पोस्टरवर उघड्या अंगाचा, डोळे रोखलेला गडी आहे आणि त्याचा एक पाय हवेत आहे. सगळ्यांना सरसकट ‘इंग्लिश पिक्चर’ म्हणायचं. नट चिनी, त्याच्या तोंडी अमेरिकी वळणाचं इंग्रजी, दुष्ट माणूस जपानी आणि शेवटची मारामारी रोममध्ये. निर्माता कोण? ते नाव पडद्यावर येऊन जाईपर्यंत बाल्कनीतली मंडळी अजून खुर्च्या शोधत असायची.

जमिनीच्या बाबतीत हिंगणा तालुक्यात कुणी असा गाफील राहिला नसता. शेतात राबताना कोण दिसतो यावरून मालकी ठरत नाही, त्यासाठी सातबारा काढावा लागतो. सातमध्ये हक्क कुणाचा ते, बारामध्ये पीक कोणतं ते. आशियातल्या जुन्या मारधाडपटांचंही तसंच आहे. पडद्यावर दिसतं ते पीक. हक्काचा रकाना पाहायचा तर सुरुवातीची नामावली, कंपन्यांमधले करार, आयातीचे परवाने आणि वेगवेगळ्या देशांत गेलेल्या वेगवेगळ्या प्रती धुंडाळाव्या लागतात. त्या धुंडाळल्या की लक्षात येतं, की परदेशी वाटणारे अनेक चित्रपट एकट्या हाँगकाँगचे होते. उलट, अस्सल चिनी वाटणाऱ्या काहींमध्ये लंडन, रोम, सोल आणि सिडनीचा पैसा होता. आणि एका चित्रपटात तर भारतातला रुपया पडता पडता राहिला.

आंतरराष्ट्रीय सहनिर्मिती म्हणजे दोन किंवा अधिक देशांतल्या कंपन्यांनी भांडवल घालून आणि हक्क वाटून घेऊन काढलेला चित्रपट. परदेशात जाऊन चित्रीकरण केलं म्हणजे सहनिर्मिती होत नाही. परदेशी नट किंवा दिग्दर्शक पगारावर घेतला तरी होत नाही. परदेशी वितरकाने प्रदर्शनाचे हक्क विकत घेतले, तरीही नाही. गोंधळ होतो तो नेमका या तीन ठिकाणी.

ब्रूस लीचेच चित्रपट घ्या. ‘द बिग बॉस’ (१९७१) थायलंडमधल्या पाक चोंग गावात चित्रित झाला, गोष्टही थायलंडमधल्या बर्फाच्या कारखान्यातली. तरी त्यात थायलंडची भागीदारी नव्हती. तो रेमंड चौ यांच्या गोल्डन हार्वेस्टचा, म्हणजे हाँगकाँगचाच. ‘वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) मध्ये रोम आहे, अमेरिकेचा चक नॉरिस आहे आणि कॅमेऱ्यामागे निशिमोतो तादाशी हा जपानी छायालेखक आहे. तोही हाँगकाँगचा. निशिमोतो तिथे इतका मुरला होता, की त्याने हो लान-शान असं चिनी नाव घेतलं होतं. किंग हू यांचा गाजलेला ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६) त्याच नावाने त्याच्या खाती आहे. नामावलीत चिनी नाव दिसलं म्हणून माणूस चिनी असेलच, असं नाही.

याहून मोठी फसगत ‘किंग बॉक्सर’ (१९७२) या चित्रपटात होते. अमेरिकेत तो वॉर्नर ब्रदर्सने १९७३ मध्ये ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’ या नावाने लावला आणि तिकडे कुंग फूची लाट उसळली. त्याचा दिग्दर्शक चेंग चांग-हो. हा मूळचा कोरियाचा जोंग चांग-ह्वा, त्याच्या नावाचा चिनी उच्चार तेवढा पडद्यावर आला. नायक लो लीह इंडोनेशियात जन्मलेला. वरवर पाहिलं तर तीन-चार देशांचा मेळ. प्रत्यक्षात सगळी मालकी शॉ ब्रदर्सची. जोंग त्यांच्याकडे कराराने नोकरीला होता आणि वॉर्नरने तयार माल विकत घेतला होता.

आता भारतातल्या रुपयाची गोष्ट.

अमेरिकन चित्रपट कंपन्या भारतात आपले चित्रपट दाखवून पैसे कमवत, पण ती सगळी कमाई डॉलरमध्ये करून घेऊन जायची त्यांना मुभा नव्हती. परकीय चलनाची चणचण असलेल्या सरकारने या रकमेवर मर्यादा घातली होती. उरलेले रुपये इथल्याच बँकांत पडून राहत आणि ते भारतातच खर्च करावे लागत. व्यवहारात त्यांना अडकलेला किंवा गोठवलेला पैसा म्हणत. हॉलिवूडच्या हिशेबनिसांना ही रक्कम सारखी खुपायची. ती वापरायचा सोपा मार्ग म्हणजे भारतात चित्रपट काढणं. इस्माईल मर्चंट या मुंबईकराने हे बरोबर हेरलं होतं. त्यांचा आणि जेम्स आयव्हरींचा पहिला कथापट ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) कोलंबियाने विकत घेतला तो याच पैशातून. पुढे ‘द गुरू’ (१९६९) ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने काढला, तोही याच वाटेने. मर्चंट-आयव्हरींच्या संथ, चहाच्या कपांभोवती फिरणाऱ्या चित्रपटांमागे आणि कुंग फूच्या एका फसलेल्या बेतामागे एकाच जातीचे रुपये होते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

तो बेत ‘द सायलेंट फ्लूट’ या चित्रपटाचा. ब्रूस ली तेव्हा अमेरिकेत होता. ‘द ग्रीन हॉर्नेट’ ही मालिका बंद पडली होती, पाठीची दुखापत झाली होती आणि हॉलिवूड त्याला नायक करायला तयार नव्हतं. पण त्याचे शिष्य मोठे होते. त्यातले दोघे म्हणजे नट जेम्स कोबर्न आणि पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट. सिलिफंट साधा लेखक नव्हे, ‘इन द हीट ऑफ द नाइट’ साठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. तिघांनी मिळून युद्धकलेच्या वाटेने सत्य शोधणाऱ्या माणसाची गोष्ट रचली. वॉर्नर ब्रदर्सने होकार दिला, अट एकच घातली. चित्रपट भारतात काढायचा, म्हणजे कंपनीचे इथे अडकलेले रुपये कामी येतील.

१९७१ च्या सुरुवातीला तिघे स्थळं शोधायला भारतात आले. दिल्ली, राजस्थानचं वाळवंट, मद्रास आणि गोवा अशी त्यांची भटकंती झाली. गोव्याचे किनारे तेव्हा हिप्पींनी भरलेले होते. पोर्तुगीज जाऊन जेमतेम दहा वर्षं होत होती. दोन वर्षांनी जगभर घराघरांत ज्याचं पोस्टर लागणार होतं, तो माणूस त्या किनाऱ्यांवर फिरून गेला आणि त्याला कुणी ओळखलंही नाही. इथल्या लढवय्यांची चाचणीही त्यांनी घेतली. ली ठाम होता, की भारतातच जमवू. त्याला या चित्रपटाची सर्वांत जास्त गरज होती. कोबर्नला मात्र जागा पसंत पडल्या नाहीत. मोठं नाव त्याचं, त्यामुळे शब्दही त्याचाच चालला. त्याने नकार दिला आणि वॉर्नरने बेत गुंडाळला. त्याच वर्षी ली गोल्डन हार्वेस्टचा करार करून थायलंडला ‘द बिग बॉस’ च्या चित्रीकरणासाठी गेला, पुढचं सर्वांना ठाऊक आहे.

‘द सायलेंट फ्लूट’ ची पटकथा अखेर १९७८ मध्ये ‘सर्कल ऑफ आयर्न’ या नावाने पडद्यावर आली. लीच्या वाट्याच्या भूमिका डेव्हिड कॅराडाइनने केल्या आणि वाळवंट होतं इस्रायलचं. राजस्थान आणि गोव्याचा त्यात कणही नाही. भारतातल्या कुणा कंपनीची त्या बेतात भागीदारी ठरली होती असं नाही, त्यामुळे तो झाला असता तरी कागदावर अमेरिकनच ठरला असता. पण पैसा भारतीय तिकीटखिडकीवरचा, म्हणजे त्यात नागपूर-अमरावतीच्या प्रेक्षकाचाही चार आण्याचा वाटा निघाला असता. सहनिर्मितीच्या इतिहासात गोष्टीपेक्षा चलनाचे नियम मोठे ठरतात, ते इथे स्पष्ट दिसतं. कुणाचा पैसा कुठे अडकला आहे आणि कुठल्या सरकारने कुठे कोटा लावला आहे, हे पाहिलं की निम्मं काम होतं.

वॉर्नर आणि ली यांचं पुढे जुळलं ते हाँगकाँगच्या जमिनीवर. ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) ही मात्र खरीखुरी सहनिर्मिती. एका बाजूला वॉर्नर ब्रदर्स, दुसऱ्या बाजूला ली आणि रेमंड चौ यांची कॉनकॉर्ड. खर्च साधारण साडेआठ लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ. दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउझ अमेरिकन, मारामाऱ्यांची आखणी लीची. चित्रीकरण मुख्यतः हाँगकाँगमध्ये. २० जुलै १९७३ ला ली गेला आणि ऑगस्टमध्ये चित्रपट अमेरिकेत लागला. नायकांत तिघे ठेवले होते, एक चिनी, एक गोरा, एक काळा. तिन्ही बाजारांचा विचार करूनच ही वाटणी केली होती. सहनिर्मितीची ही एक ठळक खूण. प्रत्येक भागीदाराच्या प्रेक्षकाला आपला एक माणूस पडद्यावर लागतो.

कोरियात मात्र प्रकरण सरकारी कोट्यापर्यंत गेलं आणि तिथे खऱ्याखोट्याची खरी कसोटी लागते.

साठच्या दशकात पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत दक्षिण कोरियाने चित्रपट कायदा कडक केला. परदेशी चित्रपट किती आणायचे यावर मर्यादा होती आणि आणायचा परवाना देशी निर्मात्यांनाच मिळे. सहनिर्मिती असेल तर तो चित्रपट देशी धरला जाई. म्हणजे हाँगकाँगच्या कंपनीबरोबर भागीदारी केली, की कोटा न वापरता नवा, रंगीत, भव्य चित्रपट हाती येई. शिन सांग-ओक यांच्या शिन फिल्म्सने शॉ ब्रदर्सबरोबर असे चित्रपट काढले. पहिल्या फळीतला ‘द लास्ट वुमन ऑफ शांग’ (१९६४). हाँगकाँगची लिंडा लिन दाई आणि कोरियाचा शिन यंग-ग्युन हे मुख्य भूमिकांत, कोरियाचं घोडदळ आणि सैन्य गर्दीच्या दृश्यांत. कोरियात हाच चित्रपट ‘दाल्गी’ म्हणून लागला. ही भागीदारी खरी होती, दोन्हीकडची माणसं आणि साधनं त्यात दिसतात.

पण जिथे सवलत असते तिथे पळवाटही निघते. पुढे कोरियन निर्माते हाँगकाँगचा तयार चित्रपट घेऊन त्यात एखाद-दुसरा कोरियन नट असलेली दृश्यं घालत किंवा नामावलीतच कोरियन नट आणि कोरियन दिग्दर्शकाचं नाव चढवत आणि सरकारदरबारी तो सहनिर्मिती म्हणून नोंदवत. कोरियाच्या चित्रपट इतिहासात ही बनावट सहनिर्मिती म्हणून प्रसिद्ध आहे, अभ्यासकांचा अजूनही त्यावर काथ्याकूट चालू असतो. म्हणून सत्तरच्या दशकातल्या एखाद्या कुंग फू पटावर हाँगकाँगच्या प्रतीत एक दिग्दर्शक आणि कोरियन प्रतीत दुसरा दिसला, तर घाईने ‘दोन दिग्दर्शक, दोन देश’ असा निष्कर्ष काढायचा नाही. दुसऱ्या माणसाने खरोखर किती दृश्यं घेतली हे तपासायचं. कधी ती भरपूर निघतात, कधी एकही नाही.

यात न बसणारं एक तिसरंच नातं आहे. गोल्डन हार्वेस्टचा ‘हापकिडो’ (१९७२) कोरियन युद्धकलेवर आहे आणि त्या कलेचे थोर शिक्षक जी हान-जे स्वतः त्यात दिसतात. अँजेला माओ आणि सॅमो हंग यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. ‘व्हेन तैक्वांदो स्ट्राइक्स’ (१९७३) मध्ये अमेरिकेत तैक्वांदो नेणारे झून री आहेत. कला कोरियाची, गुरू कोरियाचे, तरी चित्रपट हाँगकाँगचे. पीक आणि हक्क यांची गल्लत होते ती इथेच.

जपानबरोबरची एक भागीदारी तर वाचताना हसू यावं अशी. आंधळा तलवारबहाद्दर झातोइची हा जपानचा लाडका, एका हाताचा तलवारबहाद्दर वांग यू हा हाँगकाँगचा. १९७१ मध्ये काट्सु शिंतारोच्या कंपनीने दोघांना एका चित्रपटात आणलं. शेवट काय करायचा? कुणीही हरला तर त्याच्या देशातला प्रेक्षक खुर्च्या फोडणार. उत्तर सोपं निघालं. जपानी प्रतीत वांग यू मरतो. चिनी बाजारासाठीच्या प्रतीत झातोइची हरतो, असं त्या काळापासून सांगितलं जातं. एकाच चित्रपटाचे दोन शेवट असतील, तर त्याला दोन मालक आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. असाच दोन प्रतींचा शोध सहनिर्मिती ओळखायला सर्वांत उपयोगी पडतो. लांबी वेगळी, क्रम वेगळा, नामावली वेगळी.

युरोपचा पैसा आला तो कुंग फूच्या लाटेवर स्वार व्हायला. ब्रिटनची हॅमर ही भुताखेतांच्या चित्रपटांची कंपनी तेव्हा डबघाईला आली होती. तिने शॉ ब्रदर्सबरोबर ‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हँपायर्स’ (१९७४) काढला. पीटर कुशिंग ड्रॅक्युलाचा माग काढत चीनमध्ये येतो आणि डेव्हिड चँग त्याच्या बरोबरीने रक्तपिपासूंना लाथा घालतो. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून रॉय वॉर्ड बेकर यांचं नाव आहे, पण मारामाऱ्या चांग चेह यांनी घेतल्या. इटलीच्या अँतोनियो मार्गेरिती यांनी शॉबरोबर ‘द स्ट्रेंजर अँड द गनफायटर’ (१९७४) हा काउबॉय आणि कुंग फूचा संकर केला. त्यात ली व्हॅन क्लीफ आणि आपला ‘किंग बॉक्सर’ लो लीह. मार्गेरिती मात्र नामावलीत अँथनी डॉसन. इटालियन दिग्दर्शक तेव्हा अमेरिकन नावं घेत, कारण इंग्रजी नावाचा चित्रपट विकायला सोपा. जर्मनी आणि शॉ यांच्या भागीदारीतही १९७४ साली एक चित्रपट आला, तो आठवणीत ठेवावा असा नाही.

त्यापेक्षा ऑस्ट्रेलियाचं प्रकरण पाहण्यासारखं. ‘द मॅन फ्रॉम हाँगकाँग’ (१९७५) हा गोल्डन हार्वेस्ट आणि एका ऑस्ट्रेलियन कंपनीचा. दिग्दर्शक ब्रायन ट्रेंचर्ड-स्मिथ, नायक वांग यू, खलनायक जॉर्ज लेझेनबी, जो एकदा जेम्स बाँड झाला होता. सुरुवातच उलुरूच्या तांबड्या खडकावर होते आणि त्यावर सॅमो हंगची मारामारी. ऑस्ट्रेलियन चित्रपटसृष्टी तेव्हा नुकती पुन्हा उभी राहत होती, तिला आशियाई बाजार हवा होता. हाँगकाँगला इंग्रजी बोलणारं मैदान हवं होतं. दोघांनाही ते मिळालं.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. भारताने हाँगकाँगच्या कितीतरी आधी ही वाट चोखाळली होती. हिमांशु राय यांनी १९२५ मध्ये म्युनिकच्या एमेल्का कंपनीबरोबर ‘प्रेम संन्यास’ काढला, बुद्धाची गोष्ट, दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टन. मग ‘शिराझ’ (१९२८) आणि ‘प्रपंच पाश’ (१९२९) जर्मनी आणि ब्रिटनच्या भागीदारीत. याच ओळखींतून १९३४ मध्ये मालाडला बाँबे टॉकीज उभी राहिली. ऑस्टन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग तिथे होते, पण आता पगारावर. म्हणजे ‘शिराझ’ सहनिर्मिती आणि ‘अछूत कन्या’ (१९३६) भारतीय, जरी दोन्हींचा दिग्दर्शक एकच जर्मन.

कोल्हापूरच्या प्रभातचं उदाहरण याहून बोलकं. व्ही. शांताराम ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत करायला जर्मनीला गेले. प्रती तिथल्या प्रयोगशाळेत तयार झाल्या. रंग हवे तसे उतरले नाहीत, तो मनस्ताप वेगळा. पण जर्मनीत रसायनं वापरली म्हणून ‘सैरंध्री’ जर्मन होत नाही. जर्मनांनी केलं ते पैसे घेऊन केलेलं काम. चित्रपट प्रभातचाच.

मुंबईची आणि शॉ ब्रदर्सची गाठ पडली ती सिंगापुरात, कुंग फूच्या आधी. शॉ बंधूंचा तिथल्या जालान अंपासवर मलय भाषेतल्या चित्रपटांचा स्टुडिओ होता आणि त्यासाठी त्यांनी भारतातून दिग्दर्शक नेले. मुंबईत बाँबे टॉकीजसाठी काम केलेले फणी मजुमदार हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी ‘हांग तुआह’ (१९५६) केला. मलाक्काच्या दंतकथेतला हा योद्धा, सिलत या मलय युद्धकलेचा जणू देव. पी. रामली नायक, चित्रपट रंगीत. तो बर्लिन महोत्सवातही गेला. बंगाली दिग्दर्शक, चिनी मालक, मलय नायक. सहनिर्मिती नव्हे, पण आशियातल्या युद्धपटांच्या इतिहासात मुंबईच्या माणसाचा हा सज्जड हात आहे आणि त्याचा उल्लेख आपल्याकडे क्वचित होतो.

दोन प्रतींची खरी सहनिर्मिती हवी तर ‘परदेसी’ (१९५७) पाहावा. ख्वाजा अहमद अब्बास यांची नया संसार आणि मॉस्कोची मोसफिल्म, दिग्दर्शक अब्बास आणि वासिली प्रोनिन. गोष्ट अफनासी निकितिनची, जो पंधराव्या शतकात अरबी समुद्र ओलांडून चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याला त्याचा स्मारकस्तंभ आजही उभा आहे. हिंदी प्रत वेगळी, रशियन वेगळी. पुढे सोव्हिएत संघाबरोबर ‘अलीबाबा और चालीस चोर’ (१९८०) झाला. उमेश मेहरा आणि लतीफ फैजियेव यांनी मिळून केलेला तलवारबाजीचा मसाला. त्यानंतर शशी कपूर यांचा ‘अजूबा’ (१९९१).

‘शालिमार’ (१९७८) चं नातं थेट ब्रूस लीपर्यंत पोचतं. कृष्णा शाह यांनी हिंदी आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या काढल्या. धर्मेंद्र आणि झीनत अमानबरोबर रेक्स हॅरिसन आणि जॉन सॅक्सन. हा सॅक्सन म्हणजे ‘एंटर द ड्रॅगन’ मधला गोरा जुगारी. इथे तो मुका आहे. तीन वर्षांनी आलेल्या अर्जुन हिंगोरानी यांच्या ‘कातिलों के कातिल’ (१९८१) मध्ये ब्रूस ली नव्हे, ब्रूस ले येऊन मारामारी करून जातो. लीच्या मृत्यूनंतर हाँगकाँगने त्याच्यासारखे दिसणारे जे नट बाजारात आणले, त्यांतला हा एक. प्रेक्षक फसले की नाही सांगता येत नाही, हसले मात्र नक्की असणार. ‘शालिमार’ सहनिर्मिती, ‘कातिलों के कातिल’ पाहुण्या नटाचा हिंदी चित्रपट. फरक पोस्टरवर दिसत नाही.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि सगळा हिशेब बिघडला. हाँगकाँगच्या जोसेफ लाय आणि टोमस टांग यांच्या कंपन्या थायलंड, कोरिया किंवा फिलिपिन्सचा स्वस्त चित्रपट विकत घेत. गॉडफ्रे हो सारखा दिग्दर्शक त्यात काळ्या-लाल कपड्यांतल्या निंजांची नवी दृश्यं जोडे आणि त्यासाठी रिचर्ड हॅरिसनसारखा गोरा नट उभा करे. हॅरिसन दूरध्वनीवर ज्याच्याशी बोलतो, तो माणूस दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच वर्षी चित्रित झालेला असे. नावात ‘निंजा’ घालायचं, कॅसेट विकायची. भाड्याने मिळणाऱ्या कॅसेटमधून अशा कित्येक वस्तू गावोगावी पोचल्या. त्या पाहून कुणी थायलंड-हाँगकाँग सहनिर्मिती अशी नोंद केली, तर ती शंभर टक्के चूक. मूळ थाई निर्मात्याला आपल्या चित्रपटात निंजा शिरले आहेत याची कल्पनाही नसायची.

सरकारी कोटा आणि सहनिर्मितीचं जुनं लग्न आजही मोडलेलं नाही. भारत आणि चीन यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग भारतात आले तेव्हा दृक-श्राव्य सहनिर्मितीचा करार केला. अशा करारातला चित्रपट दोन्ही देशांत देशी धरला जातो आणि चीनमध्ये परदेशी चित्रपटांवर असलेली मर्यादा त्याला लागत नाही. कोरियात साठच्या दशकात जो हिशेब होता, तोच हा. जॅकी चॅनचा ‘कुंग फू योगा’ (२०१७) याच वातावरणात आला, सोनू सूद आणि दिशा पटानीसह. त्यातलं राजस्थान पाहताना ४६ वर्षांपूर्वी तिथेच जागा शोधत फिरलेल्या ब्रूस लीची आठवण जाणकारांना झाल्याशिवाय राहिली नसेल.

या सगळ्या पडताळणीला लागतात ते कागद. आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळाच्या जुन्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची भाषा, लांबी आणि रिळांची संख्या असते. तीच लांबी हाँगकाँगच्या प्रतीशी ताडून पाहिली, की इथे कोणती आवृत्ती दाखवली ते कळतं. विदर्भाचं वितरण चालायचं ते जुन्या सीपी-बेरार क्षेत्रातून. त्याचं मोठं केंद्र अमरावती आणि व्यावसायिक संघटनेचं मुख्य ठाणं भुसावळला. नागपूर, हिंगणा, वर्धा, यवतमाळकडे जाणाऱ्या रिळांच्या पेट्या याच जाळ्यातून फिरल्या. पेटीबरोबर पोस्टरं, लॉबी कार्ड, बुकिंगचे कागद आणि कधी परदेशी कंपन्यांच्या नावांची छापील पत्रकं येत. एकपडदा टॉकीज बंद पडत गेल्या तसे हे कागद रद्दीत गेले, काही अजून कुणाच्या माळ्यावर असतील.

पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांसोबत पोस्टरं, पुस्तिका आणि छायाचित्रंही जपत आलं आहे. अमरावतीच्या जुन्या वितरण कचेऱ्या, नागपूर-हिंगण्यातल्या बंद टॉकीजचे मालक आणि त्यांचे प्रोजेक्शनिस्ट यांच्या घरात असं काही असेल, तर ते रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा संग्रहालयाला दाखवावं. फाटकं असलं तरी चालेल, फक्त कंपनीचं नाव छापलेला कोपरा कापू नये.